आकडा कायम

सकाळी साडेनऊला मोजणी संपली आणि वनरखवालदार लुहाटचा जीव भांड्यात पडला.

बोर्निओच्या त्या जंगलात ओरांगउटान वानर सहसा नजरेला पडत नाहीत. म्हणून झोपण्यासाठी ते झाडांवर बांधतात ती घरटी मोजून त्यांच्या संख्येचा अंदाज काढतात. संख्या घटली तर लुहाटची नोकरी जाणार, हे ठरलेलं होतं. आणि वर्षभर जंगलातून बंदुकीचे बार ऐकू आले, की तो कूस बदलून झोपी जाई.

“काका, घरटी गेल्या वर्षीइतकीच भरली,” मोजणीला आलेल्या रेत्नोबाई म्हणाल्या. “जंगल मंतरून ठेवलंय की काय?”

“डोळ्यांत तेल घालून बसतो, बाई. बायको विचारते, लग्न माझ्याशी केलंत की त्या वानरांशी?”

रेत्नोबाई हसल्या. मग मान वर करून झाडाकडे बघत राहिल्या. “पण यंदाची घरटी एवढी लहान का हो? आणि अशी वेडीवाकडी?”

लुहाटनं सिगारेट पेटवली.



ती घरटी बांधणारी पिल्लं गेल्या वर्षी मोजणीत नव्हती. ती आईच्या घरट्यात झोपत होती.