व्याख्येतलं कारंजं

“वकीलसाहेब, ‘निवारण खर्च’ म्हणजे नक्की कशाकशाचा खर्च?”

हे विचारायची माझी टाप नाही, अशी मैत्रिणींची पैज होती. म्हणून मी भर ग्रामसभेत उभी राहिले. रंगाच्या कंपनीच्या सांडपाण्यानं गावातल्या विहिरी लाल झाल्या होत्या, सगळ्यांत आधी आमची. निवारण खर्च कंपनी करील, असा करारनामा घेऊन तिचे वकील नगरहून आले होते, आणि म्हणून पहिली सही माझ्या वडिलांची, अण्णांची होणार होती.

“बाळ, हे कायद्याचं आहे. तू अभ्यास कर,” वकील हसले.

“तोच करतेय. वाचा की!”

त्यांनी नाक मुरडत वाचलं, “निवारण खर्च म्हणजे कंपनीच्या प्रवेशद्वारासमोरील उद्यान, त्यातील कारंजे आणि वृक्षारोपणास येणाऱ्या पाहुण्यांचे शाल-श्रीफळ.”

शाल-श्रीफळ ऐकताच अख्ख्या सभेनं सवयीनं टाळ्या वाजवल्या. धन्य आमचं गाव!

“आणि आमच्या विहिरी?”

“त्या व्याख्येत बसत नाहीत.”

“मग कारंज्याला पाणी कुठलं हो?”

“टँकरचं. इथल्या पाण्यानं नळ्या खराब होतात.”

एवढं ऐकूनही अण्णांनी खिशातून पेन काढलंच. साहेबाला नको म्हणणं त्यांना जन्मात जमलेलं नाही.

“अण्णा, ठरलं!” मी सगळ्यांदेखत आमच्या घरच्या बोलीत सांगितलं. “ही व्याख्या आता मी लिवनार हाय. तिच्या पयल्या ओळीत आपली विहीर येत न्हाई, तवर पेनाचं टोपन काढायचं न्हाई.”