विरजणाचा स्पंज

टेलरने शेवटचा पाइप ड्रमला बसवला, मोटर लावली आणि ड्रमला कान लावून ऐकलं. पाणी वर चढत होतं. कुठे एक थेंब गळत नव्हता.

माशांच्या सहा फुटी टाकीचा जुना फिल्टर जळून चार दिवस झाले होते. तेव्हापासून गिऱ्हाइकांचे कपडे मशीनवर तसेच पडलेले. नवा फिल्टर म्हणून टेलरने ड्रमात खडी भरली, विटांचे तुकडे भरले, जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवल्या. आता फक्त विरजण हवं होतं. हा शब्द बायकोचा, पण चुकीचा नव्हता. पाणी साफ ठेवणारे बारीक जीव कुणाच्या तरी चालत्या फिल्टरमधल्या मळक्या स्पंजातूनच आणावे लागतात. ते नसले तर ड्रम म्हणजे नुसता ड्रम. आणि मग आजोबा आठवडाही काढणार नव्हता. आजोबा म्हणजे टाकीतला हातभर लांब, बारा वर्षांचा मासा. तो आत्ताच वर येऊन तोंड वासत होता.

तेवढ्यात डॉक्टर आला. माणसांचा नव्हे, माशांचा. गल्लीतल्या सगळ्या टाक्या त्याच्या सल्ल्यावर चालायच्या.

"घे तुझं विरजण. तीन महिने माझ्या टाकीत बसलंय," म्हणत त्याने झाकणाची भलीमोठी बादली खाली ठेवली. "आणि नाहीच जमलं, तर आजोबाला माझ्याकडे दे. कितीदा मागितलाय!"

"तू असताना न जमायला काय झालं?" टेलर हसला.

त्याने झाकण काढून स्पंज उचलला आणि नाकाशी नेला. ही सवय डॉक्टरनेच लावलेली. जिवंत स्पंजला ओल्या मातीचा वास येतो. पावडरच्या पाण्यात धुतला की तो मेला. या स्पंजला ब्लीचिंग पावडरचा भपकारा येत होता.

टेलरने स्पंज डॉक्टरपुढे धरला. "धुतलास?"

"छे रे! गळ्याशपथ. आत्ता टाकीतून काढला."

वीस वर्षांची दोस्ती. डॉक्टरच्या लग्नातला कोट टेलरने शिवलेला, त्याच्या पोरांचे पहिले कपडेसुद्धा. आणि हा डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलत होता! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. राग राहिला बाजूला, टेलरला रडूच यायला लागलं.

त्याने स्पंज परत बादलीत टाकला. झाकण लावायला उचललं आणि तो थांबला. झाकणाला सात-आठ भोकं पाडलेली होती. ताजी. कडांना प्लॅस्टिकचा कीस अजून लोंबत होता. त्याने बादलीकडे पाहिलं. आजोबा आरामात मावला असता.

"डॉक्टर," तो म्हणाला, "मेलेल्या स्पंजला श्वास कशाला लागतो रे?"

डॉक्टर बादली उचलायला वाकला. दर रविवारी खाऊ घालणारा माणूस आजोबाने मात्र ओळखला. तो धापा टाकत डॉक्टरच्या बाजूच्या कोपऱ्यात आला आणि काचेला तोंड लावून वाट बघत राहिला.