दोनशे बारा नंबरचा बिल्ला

अठराव्या माणसाने वर येऊन आपला बिल्ला खिळ्यावरून काढून घेतला, तरी फळीवर एक बिल्ला उरलाच. नंबर दोनशे बारा. प्रोकिपचा.

क्लावाने डोळे पुसून पुन्हा नंबर वाचला. नवऱ्याचा नंबर चुकण्याइतकी काही तिची नजर गेली नव्हती.

फळी तिचीच होती, नियमही तिचाच. उत्तरेच्या खाणीत सव्वीस वर्षं तिने कामगारांच्या हातात दिवे दिले. खाली उतरताना माणसाने पितळेचा बिल्ला खिळ्याला टांगायचा, वर आला की काढून खिशात टाकायचा. दरड कोसळली की फळीवरचे बिल्ले मोजायचे आणि तेवढ्या माणसांसाठी खणायचं. मग लढाई आली. खाण बंद पडली, अर्धं शहर निघून गेलं आणि उरलेले लोक खाणीच्या न्हाणीघराखालच्या तळघरात राहायला आले. क्लावाने दिवेघरातली फळी उचलून आणली आणि तळघराच्या दाराबाहेर ठोकली. "आता हजेरी घेऊन पगारही देणार का गं?" असं लोकांनी चिडवून घेतलं. पण बिल्ले सगळ्यांनी टांगले. या शहरात घरटी एक बिल्ला निघतोच.

कुरकुर केली ती एकट्या प्रोकिपने. त्याचा जन्म दक्षिणेच्या खाणीत गेला होता आणि तिथली रीत उलटी. बिल्ला खिशात घालून उतरायचं आणि वर आलं की टांगायचा.

"आमच्याकडे बाई लांबूनच फळी बघायची. नवरा खिळ्यावर दिसला की निघाली घरी, चुलीवर बोर्श ठेवायला," तो सांगायचा.

"तुमचं सगळंच उलटं. माझ्या फळीला माझा नियम," क्लावा म्हणायची. पंधरा दिवस बोलणी खाऊन तो शिकला.

आज सकाळी तो मागच्या कोपऱ्यात खोकत पडला होता. "जा तू. मी काही जागचा हलत नाही," असं म्हणाला म्हणून ती पावाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. दोन तासांनी पाव हातात पडला आणि तेवढ्यात न्हाणीघरावर गोळा पडला. ती तशीच धावत आली होती. पाव अजून काखेत होता.

"नोना, तू पाहिलंस का गं त्याला?" तिने शेजारणीला विचारलं.

नोनाच्या केसांत चुना भरला होता. "मी पुढे झोपले होते, क्लावा. सकाळी खोकला ऐकला, एवढं खरं. नंतर सगळा अंधारच झाला."

बचाव पथकाचा नायक बोहदान वारंवार आभाळाकडे बघत होता. "क्लावामावशी, मागची भिंत आत आलीये. वरचा स्लॅब कधी बसेल सांगता येत नाही. अन् ते पुन्हा मारणार. मारतातच."

"बिल्ला टांगलेला आहे, बोहदान."

बोहदानने पथकाला हाताने पुढे बोलावलं. दहा वर्षं त्याने तिच्याच हातून दिवा घेतला होता.

पथकात सगळ्यात सडपातळ होता तिमोफी, क्लावा आणि प्रोकिपचा एकुलता एक मुलगा. ढिगाऱ्यातल्या भोकापाशी तो गुडघ्यांवर बसला आणि वळून म्हणाला, "आई, बाबा नक्की आत आहेत ना?"

जाऊ नकोस, असं तिला म्हणायचं होतं. जा, असंही म्हणायचं होतं. नवरा आत आणि मुलगा बाहेर, आणि निवड करायला तिला सांगितलेलं. असा दुष्टपणा तिच्याशी आयुष्यात कोणी केला नव्हता.

"बिल्ला टांगलेला आहे रे," ती म्हणाली.

तिमोफीने गळ्यातला आपला बिल्ला काढला आणि बापाच्या शेजारच्या खिळ्याला अडकवला. "नियम म्हणजे नियम. नाहीतर तू ओरडशील," तो हसून म्हणाला आणि सरपटत आत गेला.

"वाट आहे!" आतून त्याचा आवाज आला. मग "बाबा! ओ बाबा!" अशा हाका ऐकू येत राहिल्या.

पुढचा गोळा पडला तेव्हा सगळे जमिनीवर पालथे झाले. धूळ खाली बसली आणि भोक होतं तिथे स्लॅब आडवा पडलेला दिसला. बोहदानने घसा फुटेस्तोवर तिमोफीला हाका मारल्या. आतून काहीच आलं नाही. चौघे जण हातांनी विटा उपसू लागले. बोहदान वायरलेसवर क्रेन मागत होता, पण क्रेन शेजारच्या शहरात होती आणि रस्त्यावर ड्रोन फिरत होते.

क्लावा विटांच्या ढिगावर बसली. दोघांनाही आपणच आत घातलं, हे तिला कळत होतं. पाव मांडीवर होता. त्यावरची धूळ ती झटकत राहिली.

"न्हाणीघर गेलं वाटतं?"

तिने वळून पाहिलं. दोन हातांत पाण्याचे दोन कॅन घेऊन प्रोकिप उभा होता.

"शाळेपाशी टँकर आलाय असं कळलं. म्हटलं, तू दमून येशील, आपणच आणू. मग मारा सुरू झाला आणि तिथेच तळघरात कोंडून बसलो." त्याने खोकत कॅन खाली ठेवले. "अगं, रडतेस काय? माझा बिल्ला खिळ्यावर आहे की. बघितला नाहीस?"

क्लावाने वळून फळीकडे पाहिलं. विटा उपसणारे हात थांबले.

"चला, मलाही एक फावडं द्या. कोण अडकलंय आत?" असं म्हणत तो फळीपाशी गेला आणि कामावर उतरायच्या वेळी काढावा तसा दोनशे बाराचा बिल्ला काढून त्याने खिशात टाकला. मग त्याला शेजारचा खिळा दिसला आणि त्याचा चेहरा उजळला.

"चला, आपला तिमोफी तरी सुखरूप वर आलाय."