संतांचं तिकीट

बसमध्ये खिडकीजवळच्या माझ्या जागेवर एक लाकडी संत बसले होते, पट्टा बांधून. "त्यांचं तिकीट आहे," म्हणत शेजारच्या म्हातारबाईंनी ते दाखवलं. त्यावर सीटचा नंबर माझाच होता.

मेक्सिकोतल्या ओआहाकाहून समुद्रापर्यंत घाटातून उभं राहणं माझ्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, संतांना उठा म्हणायचं तर तुम्हीच म्हणा." मी वाचनालयातही कधी कुणाला सरका म्हटलेलं नाही. सवयीने बूट काढले आणि हात जोडले.

"बूट का हो काढले?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे देवापुढे काढतात," मी पुस्तकी स्पॅनिशमध्ये पुटपुटलो.

बाईंनी ते मोठ्याने सगळ्या बसला सांगितलं. मग सगळेच वाकून बूट काढू लागले. ड्रायव्हरनेही काढले. बाईंनी संतांना उचललं, मला बसवलं आणि त्यांना माझ्या मांडीवर ठेवलं. "इतका मान त्यांना गावातही मिळत नाही. आता तुम्हीच सांभाळा."

पुढच्या थांब्यावर चढलेल्यांनी आधी संतांच्या पायांना हात लावला आणि मग, राहून जायला नको म्हणून, माझ्याही. मी नको म्हणणारच होतो. पण तोवर एका बाईने मुलीच्या लग्नासाठी मला साकडं घातलं होतं.