मोकळेपणानं सांगा

मागच्या वर्षी आठवीतल्या बिरूनं अर्ध्यातच शाळा सोडली आणि तो मेंढरांमागं गेला. "मोठी पोरं लय तरास देत्यात त्येला," असं सांगायला त्याची आई आली होती. तेव्हा सुनंदा मॅडम "तुमचा मुलगाच जरा हळवा आहे हो," म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. ते वाक्य त्यांना वर्षभर टोचत होतं.

म्हणून यंदा शाळा उघडायच्या आधीच त्यांनी कडेगावच्या आसपासच्या वस्त्यांवरून आठवीत येणाऱ्या मुलांना आईबापांसकट हायस्कूलात बोलावून घेतलं. सतरंज्या अंथरल्या, लिंबाचं सरबत केलं आणि ते वाटायला दहावीत गेलेल्या आपल्या मुलाला, कुणालला, सोबत आणलं.

"कसलीही भीती वाटत असेल तर आत्ताच सांगा. कुणी त्रास देत असेल तर त्याचं नाव सांगा. मी आहे ना!" मॅडम पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

आईबापांचं एसटीच्या पासाचं विचारून झालं, डब्याचं विचारून झालं. पोरं मात्र सतरंजीचे दोरे उपसत बसली होती. सरबत वाटून कुणाल दाराशी उभा होता. शेवटी बिरूची धाकटी बहीण सोनम उठली. तिनं सरबताचा ग्लास घेतलाच नव्हता. दाराकडं एकदा बघून ती मॅडमच्या अगदी जवळ आली आणि हळूच म्हणाली,



"मॅडम, तुमचा कुणालदादा घरी गेल्यावर सांगितलं तर चालंल का?"