तोंडपाठ गाणी

इंदापुरात पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या बशीरला एका रॉक बँडचं वेड होतं. तलाकनंतर बायको दुसरा निकाह करून बारामतीला गेली आणि लेक शाहीनही तिच्यासोबत गेली. तो बँड पुण्यात येणार म्हटल्यावर बशीरनं विनवण्या करून चौदा वर्षांच्या लेकीला एका दिवसासाठी मागून आणलं. आपलं वेड तिला आपल्याच हातानं लावायचं होतं.

पहिलंच गाणं सुरू झालं आणि शाहीन एकही शब्द न चुकता गायला लागली. बशीरचा ऊर भरून आला.

"तुला कसं गं येतंय हे?"

"अम्मीच्या सामानात तुमच्या कॅसेटी आल्या न्हवं," ती स्टेजकडं बघतच म्हणाली. "अब्बा रोज लावत्यात."



कालपरवापर्यंत ती बशीरलाच अब्बा म्हणायची.