मापापुरती बाई

नवसाबाई बिल्डरच्या थंडगार ऑफिसात शिरली ती चिखलाच्या पायांनी. कमरेला खुरपं, हातात बांधावरच्या जांभळीची हातभर तुटकी मुळी. सकाळीच जेसीबीनं उपटलेली. मुळी तिनं मॅनेजरच्या सागवानी टेबलावर आपटली, तशी तिला चिकटलेली माती त्याच्या चहात पडली.

"माझा बांध कोरला तुम्ही!"

तिचा आवाज असा, की मळ्यातून हाक दिली तर सातपूरच्या कंपनीचा भोंगा लाजून गप्प बसावा. वॉचमननं तिला अडवलं नव्हतं, ते उगाच नाही.

मॅनेजर सार्थक मात्र गोड बोलायचं शिकून आलेला. "बसा ना, आजी. पाणी घ्या. जेसीबीवाल्याकडून थोडं इकडंतिकडं झालं असेल."

"इकडं कुठं झालं? तिकडंच झालं! चार हात माझ्यात घुसला. उद्या तिथं भिंत घालशील, मंग माझी विहीर तुझ्या आवारात. कोथिंबिरीला पाणी काय थुंकून घालू?"

सार्थक हसला. हसायला नको होतं. भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमकडं बोट करून म्हणाला, "हे बघा. अमेरिका, पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. आधी नुसतं रान, मग शहर. शहर वाढताना कुणाचं तरी थोडं जातंच, आजी."

नवसाबाई फ्रेमपाशी गेली. चित्र काळंपांढरं. मागं धुराडी, आगगाडी, एका मापाची घरं. पुढं तोडलेल्या झाडांची बुडखंच बुडखं. आणि पार कोपऱ्यात गाठोडं घेतलेली एक पाठमोरी बाई.

"ही कोण?"

"ती? कुणी नाही. इमारती केवढ्या ते कळावं म्हणून एखादं माणूस घालतात. मापापुरतं."

"मापापुरतं." नवसाबाईनं त्या बाईच्या पाठीवर बोट ठेवलं. "तोंडसुदिक नाय दिलं मेल्यांनी."

"पेनाने काढलेलं नाही हं ते," सार्थक म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारी निवळली. "लाकडावर कोरायचं, शाई लावायची, कागदावर दाबायचं. कोरलेलं कधी पुसलं जात नाही."

"आसं व्हय?"

ती टेबलाशी परतली. खुरपं काढलं आणि टोक सागवानात रोवून डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत करकरत रेघ ओढली. रेघ सार्थकच्या पोटाला लागेल इतकी पलीकडं.

"आजी! अहो, सागवान आहे ते! वॉचमन!"

वॉचमन आला. खुरपं पाहिलं. गेला.

"बांध हाय हा," नवसाबाई मान वर न करता म्हणाली. रेघेच्या अलीकडं तिनं विहिरीचा गोल कोरला. काठावर एक बाई कोरली, सार्थककडं तोंड करून उभी. मग भुसा फुंकून टाकला आणि खुरप्याचं टोक बाईच्या चेहऱ्यावर टेकवलं.

"थांब जरा. हिचं तोंड ऱ्हायलंय."